‘जिल्ह्यात पाऊस’ म्हणजे नेमका कुठं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या पहिल्या पानावर चौकट होती : ‘सातारा, सांगलीत चार दिवस पावसाचा यलो अलर्ट’. सकाळी सातला पेपर आला आणि साडेसातच्या आत आमच्या घरात तीन निर्णय झाले. मालकांनी छाटणीच्या टोळीला फोन करून आगाप, म्हणजे लवकर छाटायच्या, बागेची तारीख आठ दिवस पुढं ढकलली. थोरल्या दिरांनी खळ्यावर वाळत घातलेला उडीद गोळा करून ताडपत्रीखाली घातला. मी घेवड्यावरची फवारणी थांबवली. चार दिवसांत माझ्या पर्जन्यमापकाच्या नळीत सगळा मिळून तीन मिलिमीटर पाऊस जमा झाला. उडदाला ताडपत्रीखाली कुबट वास लागला. त्याच चार दिवसांत पाटण तालुक्यात, माझ्या माहेरी, कौलं निथळायची थांबली नव्हती. धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, “आक्का, पेपरातला पाऊस तुझा न्हवं, आमचा हाय. तू छाटणी कशाला थांबवलीस?”

त्याच्या त्या प्रश्नावरून हे पत्र लिहायला घेतलं आहे.

माझं माहेर कोयनेच्या खोऱ्यात, डोंगराच्या कुशीत. सासर तासगाव तालुक्यात. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. माहेरी भात आणि नाचणी, सासरी अडीच एकर द्राक्षबाग, एक एकर हळद आणि वरच्या माळाच्या तुकड्यात शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या जुलैत मला वाटलं होतं की पाऊस वाट चुकला. माहेरी जुलैत चुलीजवळ कपडे वाळवायचे, आणि इथं अंगणात ऊन, वर नुसतं मळभ आणि सुसाट वारा. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या होत्या, “आपल्याकडं आभाळ वाजत जातंय, थांबत न्हाई. आपला पाऊस हत्तीचा.” हत्तीचा म्हणजे हस्त नक्षत्राचा, सत्तावीस सप्टेंबरच्या पुढचा. पोरी हादगा खेळतात ना, तो याच हस्ताचा. ज्या गावांनी हस्तासाठी हत्ती पुजला त्यांना आपला पाऊस कधीचा हे ठाऊक होतं.

२०११ पासून मी रोजचा पाऊस वहीत लिहिते. शेती दुकानातून आणलेली साधी नळी आहे, गच्चीवर मोकळ्या जागी खांबाला बांधलेली. भावालाही तशीच दिली आहे. रोज सकाळी आम्ही दोघं आकडे सांगतो, मग बाकीचं बोलतो. दोन वह्या शेजारी ठेवल्या की एक गोष्ट उघड दिसते. जून ते ऑगस्ट त्याचं पान भरलेलं आणि माझं पांढरं. सप्टेंबरच्या मध्यापासून मात्र माझ्याकडं आकडे मोठे व्हायला लागतात, तेही एका दुपारीत.

यामागचं कारण शाळेच्या पुस्तकात अर्धंच सांगतात. नैऋत्येचं वारं अरबी समुद्रावरची वाफ घेऊन येतं, सह्याद्रीला थडकतं, वर चढताना थंड होतं आणि पाणी घाटमाथ्यावरच टाकून देतं. पूर्वेच्या उतारानं खाली येताना ते कोरडं होत जातं. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि तिथून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर माणमधल्या दहिवडीला पाचशेच्या आसपास. एकच सातारा जिल्हा, एकच पालकमंत्री, एकच ‘जिल्ह्याचा पाऊस’. इतपत सगळ्यांना माहीत असतं. उरलेलं अर्धं असं की सप्टेंबरच्या उत्तरार्धात वाऱ्याचं तोंडच फिरतं. नैऋत्येचा जोर ओसरतो, पूर्वेचं वारं बंगालच्या उपसागरावरचा ओलावा आणायला लागतं, तिथले कमी दाबाचे पट्टे आंध्र, तेलंगण ओलांडून आपल्याकडं सरकतात. वर उघडीप मिळाल्यानं जमीन तापते. दुपारी तीन-चारला पूर्वेला काळे ढग उभे राहतात, वीज कडाडते, आणि तासाभरात शेतातून ओढे वाहतात. हा पाऊस पश्चिमेकडून येत नाही, त्यामुळं सह्याद्री त्याला अडवत नाही. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटाव या भागात वर्षातला सर्वांत जास्त पावसाचा महिना सप्टेंबर असतो, जुलै नव्हे. घाटमाथा जुलैत भिजतो, आम्ही सप्टेंबर-ऑक्टोबरात.

आणि आम्ही छाटणी करतो ती नेमकी तेव्हाच.

द्राक्षाचं काम ज्यांनी केलं नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगते, कारण अंदाजातला एक शब्द चुकला की काय होतं ते यात आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यातून काडी तयार होते. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळाची. छाटली की डोळे फुटावेत म्हणून त्यांना पेस्ट लावायची. आठ-दहा दिवसांत डोळे फुगतात, मग पोंगा, म्हणजे कोवळी फूट, पंधरा ते वीस दिवसांत पोपटी घड बाहेर डोकावतो. पस्तीस-चाळीस दिवसांनी फुलोरा. पोंग्यापासून फुलोऱ्यापर्यंतचे तीन-चार आठवडे बाग तान्ह्या मुलासारखी असते. या दिवसांत रात्रभर पान ओलं राहिलं, हवा गार आणि दमट राहिली की डाऊनी हा बुरशीचा रोग येतो. पानावर तेलकट डाग, खालून पांढरी बुरशी, आणि घडावर आला तर घडच जातो. सतत ढगाळ राहिलं तर घड जिरतो, म्हणजे घडाच्या जागी नुसती बाळी, वेलीचा तणाव्यासारखा धागा, राहते. फुलोऱ्यात जोराचा पाऊस झाला तर मणी गळतात आणि घडकूज लागते. हे सगळं एका छाटणीच्या तारखेवर ठरतं. तारीख ठरवताना आम्ही पुढच्या तीन-चार आठवड्यांचं आभाळ वाचत असतो, आणि आमच्या हातात असतं काय, तर ‘सांगलीत पावसाची शक्यता’ एवढंच.

काही वर्षांपूर्वी अशाच एका चौकटीमुळं आम्ही सप्टेंबर अखेरची छाटणी बारा दिवस थांबवली होती. तो पाऊस शिराळ्यात, चांदोलीच्या बाजूला पडला. आमच्याकडं तेव्हा कडक ऊन होतं, छाटणीला सोन्यासारखं. पुढं ढकललेल्या छाटणीचा पोपटी घड बाहेर आला आणि ऑक्टोबरअखेर पूर्वेकडून सलग चार संध्याकाळी पाऊस आला. ट्रॅक्टरचा फवारणीचा ब्लोअर वाफ्यात जाईना, चाकं रुतली. पाठीवरच्या पंपानं आम्ही नवरा-बायकोनं रात्री अकरापर्यंत फवारलं, तरी निम्मी बाग गेली. त्या वर्षी मी पिकवलेल्या द्राक्षांपेक्षा खाली पडलेले घड जास्त वेळा मोजले. अंदाज देणाऱ्यांना मी दोष देत नाही, तो त्यांनी जिल्ह्याचा दिला होता आणि जिल्ह्याचा म्हणून तो बरोबर होता. मधल्या वाटेत ‘शिराळा’ हा शब्द गळाला आणि आमच्या हाती ‘सांगली’ राहिला.

२०१९ साल या भागात कोणी विसरलेलं नाही. ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, आणि धोक्याची पातळी ४५ आहे. त्या वर्षी राजस्थानातून मॉन्सून परतायलाच ९ ऑक्टोबर उजाडला, इतका उशीर नोंदीत आधी कधी झाला नव्हता. त्यानंतर अरबी समुद्रात क्यार आणि महा अशी दोन चक्रीवादळं पाठोपाठ आली आणि नोव्हेंबर उजाडला तरी बागेत पाणी होतं. पुढच्याच वर्षी, २०२० च्या ऑक्टोबरात, बंगालच्या उपसागरातली प्रणाली काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर चढली, तेलंगणावरून थेट सोलापूर-सांगलीवर आली आणि पुढं अरबी समुद्रात उतरली. सगळा प्रवास पूर्वेकडून पश्चिमेकडं. त्या दिवसांत ‘घाटमाथ्यावर जोर’ असं वाचून पूर्वेकडच्या शेतकऱ्यानं निश्चिंत होणं किती महागात पडू शकतं, याचा विचार करा.

‘मॉन्सून परतीला निघाला’ या बातमीचाही आमच्याकडं चुकीचा अर्थ लागतो. परतीची सर्वसाधारण तारीख १७ सप्टेंबर, ती पश्चिम राजस्थानची. २०२० च्या आधी ती १ सप्टेंबर धरत असत. तिथं सलग पाच दिवस पाऊस थांबला, हवेतला ओलावा घटला, खालच्या थरात वारं उलटं फिरायला लागलं की परतीची घोषणा होते. आपल्याकडून तो निघतो ऑक्टोबरच्या पूर्वार्धात. म्हणजे राजस्थानची बातमी छापून येते तेव्हा आमचा खरा पाऊस अजून यायचा असतो. गेल्या वर्षी शेजारच्या वस्तीवरच्या एका तरुण बागायतदारानं ‘मॉन्सून परतला’ हे शीर्षक वाचून शेततळ्यावरची मोटर काढून आणली आणि दुसऱ्याच दिवशी छाटणी धरली. शीर्षकात ‘राजस्थानातून’ हा एक शब्द असता तर तो थांबला असता.

शब्दांचंच बोलायचं तर ‘तुरळक ठिकाणी’. हवामान खात्याच्या भाषेत याचा नेमका अर्थ आहे : त्या क्षेत्रातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्के केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पन्नास टक्क्यांपर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पंच्याहत्तरपर्यंत, त्यापुढं ‘बहुतांश ठिकाणी’. हे मला एका शिबिरात कळलं आणि त्या दिवसापासून मी बातमी वेगळी वाचायला लागले. तुरळक ठिकाणी म्हणजे चार गावांत फार तर एक. तेवढ्यावर छाटणी थांबवायची नसते, पण उडीद उघडाही टाकायचा नसतो. आपल्याकडं बातमी जुळवताना मात्र ‘तुरळक ठिकाणी’ शेवटच्या ओळीत जातं किंवा जागेअभावी उडतं, आणि ‘जोरदार’ शीर्षकात चढतं. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा. पिवळ्या रंगाची बातमी लाल अक्षरांत छापू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. पाच वेळा पिवळ्याला लाल म्हटलं की सहाव्या वेळी खरा लाल आला तर माणूस घराबाहेर पडत नाही. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर घरांवर आले. माहेरची माणसं त्या दिवसानंतर इशाऱ्याकडं फार काळजीनं बघतात. त्यांचा त्यावरचा विश्वास टिकला पाहिजे.

दुसरी एक अडचण चांगल्या-वाईटाची. परतीचा पाऊस आला की शीर्षक येतं ‘बळीराजा सुखावला’, नाहीतर ‘बळीराजा हवालदिल’. आमच्या एकाच घरात दोन्ही खरं असतं. माळावरच्या शाळूला पेरणीआधी हस्ताची ओल हवी, वाफसा आला की पेरायचं, आणि पुढं चित्रा-स्वातीच्या एखाद्या सरीवर तो निघून जातो. ‘पडल्या स्वाती तर पिकतील मोती’ ही म्हण आत्याबाई आजही म्हणतात आणि शाळूपुरती ती सोळा आणे खरी आहे. स्वाती म्हणजे ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आणि नोव्हेंबरचा पहिला. नेमका आमच्या बागेचा फुलोरा. जो पाऊस वरच्या तुकड्यात मोती पिकवतो तोच खालच्या तुकड्यात मणी गाळतो. माहेरी तर त्याच दिवसांत हळवं, म्हणजे लवकर येणारं, भात कापणीला आलेलं असतं. पाऊस झोडपला की भात आडवं होतं आणि दोन-तीन दिवस पाण्यात राहिलं तर ओंबीतच कोंब येतात. भावाला तेव्हा कोरडं आभाळ हवं, आत्याबाईंना शाळूसाठी एक सर हवी, मला दुपारी ऊन आणि रात्री कोरडं पान हवं. म्हणून ‘सुखावला’, ‘हवालदिल’ हे आम्हाला ठरवू द्या. किती मिलिमीटर, कुठल्या तालुक्यात, कुठल्या वेळी, एवढं तुम्ही सांगा.

आकडे मिळत नाहीत असंही नाही. राज्यात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रं बसवून वर्षं झाली. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, पंचनामे त्यावर होतात. म्हणजे रोजचे आकडे तहसीलला पोचतातच. आपल्या दैनिकात मात्र कोयना, महाबळेश्वर, नवजा या तीन नावांपलीकडं क्वचित काही येतं. नवजाचा आकडा मला हवाच, तो माहेरचा शेजार आहे. पण त्याच्याखाली दहिवडी, वडूज, विटा, आटपाडी, तासगाव, जत अशी सहा नावं आणखी छापायला दोन ओळी लागतील. आणि आजच्या पेपरातला हा आकडा परवा सकाळी साडेआठ ते काल सकाळी साडेआठचा असतो, हे एकदा लिहा. कारण ‘काल पाऊस नव्हता, पेपरात कसा आला’ असं पारावर रोज कोणीतरी म्हणतं.

साताऱ्याच्या बाबतीत हवामान खात्याच्या इशाऱ्यांच्या तक्त्यात ‘सातारा’ आणि ‘सातारा घाट’ अशा दोन ओळी स्वतंत्र असतात. कोल्हापूरचंही तसंच आहे. आपल्याकडं छापताना ‘घाट’ गळून दोन्हीचा एक सातारा होतो, आणि फलटणच्या माणसाला जावळीचा इशारा मिळतो. सांगलीला मात्र एकच ओळ आहे, जणू शिराळा आणि जत एकाच माळावर आहेत. वारणेच्या उगमाकडचा चांदोलीचा भाग आणि कर्नाटकाच्या सीमेवरचं जत यांना एका ओळीत बसवता येत नाही. सांगलीलाही निदान शिराळा वेगळा करून द्यावा, असा आग्रह आपण अग्रलेखातून धरावा. बागायतदारांनी कितीदा सांगितलं तरी ते निवेदनाच्या फायलीत राहतं. वर्तमानपत्रानं लिहिलं तर वाचलं जातं.

घाटातल्या पावसाशी आम्हाला देणंघेणं नाही असं मात्र कोणी समजू नये. तो आमच्यापर्यंत येतो, आभाळातून न येता नदीतून येतो. सप्टेंबरात कोयना धरण जवळजवळ भरलेलं असतं, साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट). चांदोलीचं ३४.४० टीएमसी. जुलैत घाटात झड लागली तर धरण ती पोटात घेतं, सप्टेंबरात पोटात जागा नसते. वर पडलेलं पाणी दरवाज्यांतून खाली येतं, कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेत मिसळतं, हरिपूरला वारणा मिळते, आणि सांगलीत आभाळ निरभ्र असताना नदी चढते. नदीकाठच्या पलूस-मिरजेच्या हळदकऱ्यांना घाटाचा अंदाज हवा असतो, तासगाव-जतच्या माळावरच्या माणसाला पूर्वेच्या ढगाचा. दोन्ही एकाच चौकटीत कोंबले की दोघांच्याही कामाचं उरत नाही.

विजेबद्दल दोन शब्द. परतीच्या पावसात वीज फार असते आणि ती दुपारीच पडते, बाया भांगलणीला किंवा फेलफुटी, म्हणजे वेलीची नको असलेली फूट, काढायला शेतात असतात तेव्हा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलेलं ‘दामिनी’ अॅप आसपासच्या विजेचा इशारा देतं. आमच्या टोळीतल्या चौदा बायकांपैकी तिघींकडंच स्मार्टफोन आहे. मुकादमीण मोबाईल बघते आणि हाक मारते, मग सगळ्या बागेबाहेर शेडमध्ये येतात. बागेला लोखंडी तारा आणि अँगल असतात, तिथं थांबायचं नाही, हे आम्ही ठरवून टाकलं आहे. झाडाखालीही नाही. सप्टेंबरभर रोज हवामानाच्या चौकटीत ही एक ओळ छापता आली तर पाहा.

कासला फुलं बघायला जाणाऱ्यांसाठी आपण दर शनिवारी ‘वीकेंडला हवामान’ छापता, त्यात धुकं किती, रस्ता निसरडा का, सगळं असतं. पठारापुरतं वेगळं, नेमकं. तेवढीच मेहनत पूर्वभागासाठी हवी आहे. दर गुरुवारी हवामान खातं पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज काढतं, मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला येतो. शुक्रवारच्या अंकात या दोन्हींवरून अर्धा स्तंभ करा : घाटमाथा, नदीकाठ, पूर्वभाग अशी तीन उपशीर्षकं, वारं कुठून, पाऊस दुपारी की रात्री, आणि ‘तुरळक’ की ‘बहुतांश’. छाटणीची तारीख धरायला आम्हाला तेवढं पुरतं. अंदाज चुकला तर चुकला, आभाळाचं काम आहे. तो आमच्या जागेचा असावा, एवढंच मागणं आहे.

आमची ढकललेली छाटणी आता पंधरा तारखेला धरली आहे. उरलेला प्लॉट हस्त सरल्यावर, दहा ऑक्टोबरच्या पुढं. माझ्या नळीतला आकडा मी रोज सकाळी साडेआठला आपल्या तासगावच्या वार्ताहरांना कळवत जाईन, भाऊ पाटणचा कळवेल. दोन्ही वह्या कोणाला बघायच्या असतील तर घरी या, मी सगळी वर्षं नीट जपून ठेवली आहेत.

आपली नम्र,
एक द्राक्ष बागायतदार, तासगाव तालुका, जि. सांगली